दुपारी साडेचारचा अलार्म : अडीच वर्षांच्या पोराला घेऊन डिस्नेच्या राईड्सचं बुकिंग

फ्लोरिडात सकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये चहाचे कप भरत असतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या राईड्सचं आगाऊ बुकिंग नेमकं त्या वेळी उघडतं. तिथले लोक डोळे चोळत पहाटेचा अलार्म लावतात आणि आपण मात्र बिस्किट बुडवता बुडवता नंबर लावू शकतो. पुणेकराला डिस्नेने दिलेली ही एकमेव सवलत आहे. ती मी पहिल्या खेपेला वाया घालवली. कशी, ते पुढे येईलच.

गेल्या मार्चअखेर आम्ही चौघं फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला गेलो. मी, नवरा, सासूबाई आणि दोन वर्षं आठ महिन्यांचे आमचे चिरंजीव. दीर न्यू जर्सीत असतो, "एवढं येताय तर डिस्ने करूनच या" असं त्याने म्हटलं आणि तिथून माझ्या मोबाईलवर माहितीचा पूर आला. त्यातली निम्मी माहिती पोरं नसलेल्यांनी किंवा दहा-बारा वर्षांची पोरं असलेल्यांनी दिलेली होती. लहान मूल बरोबर असलं की गणित वेगळं असतं. म्हणून ज्यांच्या मांडीवर अजून डायपरवालं पात्र बसतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी : टेप काढा, मग पासपोर्ट

कुठल्याही राईडचं नाव काढायच्या आधी मुलाला भिंतीला टेकवून उभं करा आणि उंची मोजा, इंचांतच. सुताराकडचा टेप उत्तम. बूट घालून मोजलं तरी चालतं, कारण तिथेही बुटांसकट मोजतात. पण आतून जाड तळवे घालायचे उद्योग करू नका. उंचीची अट सुरक्षा-दांड्यासाठी असते आणि तो दांडा तुमच्या मुलाला ओळखत नाही.

आकडे असे आहेत : डिस्नेच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडममधल्या सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला 38 इंच म्हणजे 97 सेंटिमीटर लागतात. टियानाज बायू ॲडव्हेंचरला 40, स्पेस माउंटनला 44, ट्रॉनला 48. हॉलिवूड स्टुडिओज या दुसऱ्या पार्कातल्या स्लिंकी डॉग डॅशला पुन्हा 38. आमचे चिरंजीव बुटांसकट साडेचौतीस भरले. पाच मिनिटांत अर्धी यादी कापली गेली आणि मला फार हलकं वाटलं. ज्या राईड्ससाठी लोक जिवाचं रान करतात, त्यांतल्या बहुतेक आपल्यासाठी नव्हत्याच.

वयाचंही एक गणित आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला पार्कचं तिकीट लागत नाही, राईडच्या आरक्षणाचे पैसेही लागत नाहीत. तुम्ही तुमचा पास स्कॅन करायचा आणि त्याला कडेवर घेऊन आत जायचं. तिसरा वाढदिवस झाला की तिकीट सुरू, आणि रांग टाळायच्या पासाला तर मोठ्यांइतकाच दर. उलट विमानात दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच मांडीवर नेता येतं. त्यामुळे दोन ते तीन या वर्षात विमान महाग आणि पार्क फुकट, असा मामला असतो. पासपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे कुणी वय विचारलं तर बॅग उपसावी लागत नाही.

दुसरी पायरी : रंगीत तालीम पुण्यातच

उंचीची अट नाही म्हणजे राईड मुलाला आवडेलच असं नाही. लहानांसाठीच्या बऱ्याच राईड्स अंधाऱ्या आहेत. गाडी एका बोगद्यातून जाते, आवाज मोठा असतो, मध्येच काहीतरी उजळून समोर येतं. आपलं पोर अंधाराला घाबरतं की नाही हे हजारो मैलांवर जाऊन कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.

आम्ही तीन परीक्षा घेतल्या. भरत नाट्य मंदिरात रविवारच्या बालनाट्याला नेलं आणि प्रेक्षागृहातले दिवे मालवल्यावर काय होतं ते पाहिलं. आधी माझा गळा घट्ट धरला, मग रंगमंचावर माकड आलं आणि पकड सुटली. पास. दुसरी परीक्षा आवाजाची. त्यासाठी पुणेकराला खास काही करावं लागत नाही. गणपतीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशाच्या पथकापासून शंभर फुटांवर जे मूल टिकतं, ते डिस्नेतल्या रात्रीच्या फटाक्यांनाही बहुतेक टिकतं. आमचं टिकलं नव्हतं. म्हणून कानांवर लावायचे मोठे हेडफोन घेतले, आणि सबंध प्रवासात सर्वांत जास्त उपयोगी तीच वस्तू पडली.

तिसरी परीक्षा पेशव्यांच्या बागेतल्या फुलराणीची. 1956 साली सुरू झालेली ही छोटी गाडी. तिच्या रांगेत किती मिनिटं टिकतो, हे घड्याळ लावून पाहिलं. बारा मिनिटं शहाण्यासारखा उभा होता, तेराव्या मिनिटाला जमिनीवर आडवा. हा आकडा लिहून ठेवा. पुढे ॲपवर एखाद्या राईडची रांग पंचवीस मिनिटांची दिसली की ती आपल्यासाठी थोडी की फार, हे ठरवायला हाच आकडा लागतो.

जमलं तर खोपोलीजवळच्या इमॅजिकालाही एक दिवस जाऊन या. राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, दिवसभर उन्हात चालावं लागतं, आणि दुपारी कुठल्या क्षणी पोराचं बॅटरीचं चिन्ह लाल होतं ते कळतं. घरी परतायला एक्सप्रेसवे आहेच.

तिसरी पायरी : पद्धत समजून घ्या

थोडक्यात सांगते. प्रत्येक मोठ्या राईडला दोन रांगा असतात. एक सगळ्यांची, फुकटची. दुसरी लायटनिंग लेन, जिथे आधी पैसे भरून वेळ घेतलेले लोक जातात. 24 जुलै 2024 पासून या दुसऱ्या रांगेसाठी मल्टी पास आणि सिंगल पास हे दोन मुख्य प्रकार आहेत. मल्टी पासात एका दिवसासाठी एका पार्कातल्या तीन राईड्सच्या वेळा आधीच घेता येतात. सिंगल पास म्हणजे एकेका फार गर्दीच्या राईडचा वेगळा विकत घ्यायचा पास. त्यातल्या राईड्सना उंचीची अट असतेच म्हणा, त्यामुळे साडेचौतीस इंचवाल्यांनी तिकडे बघायचंही कारण नाही.

तुम्हाला मिळते ती वेळ तासाभराची खिडकी असते. उदाहरणार्थ 9.40 ते 10.40. त्यात कधीही पोचलात तरी चालतं. पहिली राईड वापरली, म्हणजे गेटवर स्कॅन केली, की चौथी घेता येते. आणखी एक वापरली की पाचवी. एका राईडला एका दिवसात एकदाच. आणि मॅजिक किंगडममध्ये पहिल्या तीन निवडताना एक राईड मोठ्या मागणीच्या गटातून आणि दोन दुसऱ्या गटातून, अशी अट आहे. ताटात एकच पुरणपोळी, बाकी भाजी-कोशिंबीर हवी तेवढी, असं समजा.

पासाचा दर तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलतो. मॅजिक किंगडमचा सहसा चढा. आम्ही चार दिवसांत दोनच दिवस घेतला आणि तेवढा पुरला.

चौथी पायरी : घड्याळ

आता माझ्या फजितीकडे येऊ.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना चेक-इनच्या सात दिवस आधी बुकिंग उघडतं आणि सबंध मुक्कामाचे दिवस एकदमच करता येतात. बाहेर उतरणाऱ्यांना किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्यांना पार्कच्या त्या त्या दिवसाच्या तीन दिवस आधी. दोघांनाही वेळ तीच, फ्लोरिडातले सकाळचे सात. आम्ही हॉटेलात उतरणार होतो, म्हणजे बुकिंगच्या दिवशी अजून पुण्यातच.

जावेची बहीण जानेवारीत जाऊन आली होती. तिने सांगितलं, "संध्याकाळी साडेपाचला बस." मी साडेपाचचा अलार्म लावला, बाणेरच्या ऑफिसात मीटिंग रूम धरली, मोबाईल चार्जिंगला लावला, अगदी परीक्षेला बसल्यासारखी बसले. ॲप उघडलं तर सकाळच्या वेळा साफ. पीटर पॅनची राईड दुपारी 2.50 च्या पुढे.

झालं काय होतं, तर अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. हिवाळ्यात तिथले सात म्हणजे आपले साडेपाच. मार्च ते नोव्हेंबर तिथले सात म्हणजे आपले साडेचार. मी बरोबर एक तास उशिरा पोचले होते. कुणाला बोलणार? कागदावर वजाबाकी मीच केली नव्हती.

सुदैवाने घेतलेली वेळ नंतर बदलता येते. लोक बेत बदलतात, वेळा सोडतात. मी आधी मिळेल ते घेऊन टाकलं. मग रात्री स्वयंपाक झाल्यावर, सकाळी दूध तापताना, ॲप उघडून बदल करायच्या पानावर जाऊन बघायची. तिसऱ्या दिवशी पीटर पॅन 9.50 ला मिळालं. म्हणजे उशीर झाला तरी रडू नका, पण रिकामंही बसू नका.

साडेचारच्या आधी, खरं तर आदल्या आठवड्यात, एवढं उरकून ठेवा : सगळ्या मोठ्यांची तिकिटं माय डिस्ने एक्स्पिरियन्स या ॲपमध्ये एकाच खात्याला जोडलेली हवीत, नाहीतर सासूबाईंचं नाव यादीत दिसत नाही आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. बँकेच्या ॲपमध्ये क्रेडिट कार्डाचा परदेशी आणि ऑनलाइन वापर चालू करा. बऱ्याच कार्डांना तो बंद असतो. आणि तीन राईड्स कुठल्या, कुठल्या क्रमाने, हे कागदावर लिहून समोर ठेवा. स्क्रीनवर चित्रं दिसायला लागली की माणूस भाजी मंडईत गेल्यासारखा भलतंच उचलतो.

दीराकडे उतरून तिथून जाणार असाल तर न्यू जर्सीचं घड्याळ फ्लोरिडासारखंच, सात म्हणजे सातच. पण काळजी करू नका. नुकत्याच पोचलेल्या पुणेरी पोराने तुम्हाला तीनलाच उठवलेलं असेल.

पाचवी पायरी : तीन राईड्स कुठल्या

मोठ्या मागणीच्या गटातून पीटर पॅन. यात माझ्या मनात शंका नाही. उंचीची अट नाही, छपराला टांगलेली गलबतासारखी गाडी, खाली लंडनचे दिवे. सगळ्यांच्या रांगेत ती बऱ्याचदा तासाच्या पुढे जाते, आणि राईड जेमतेम तीन मिनिटांची. बारा मिनिटं टिकणाऱ्या पोराला तीन मिनिटांसाठी तासभर उभं करणं म्हणजे छळ. पास इथेच वसूल होतो. एक सूचना : गाडी थांबत नाही, सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवून बसायचं असतं. आजींचा गुडघा दुखत असेल तर दारातल्या माणसाला आधीच सांगा.

दुसरी विनी द पू. मधाच्या मडक्यासारख्या गाडीत बसून गोष्टीतून फिरायचं. थोडा अंधार आहे, पण भीतीपेक्षा गंमत जास्त. तिसरी तुमच्या पोराच्या आवडीप्रमाणे. आम्ही जंगल क्रूझ घ्यायला गेलो तर ती पीटर पॅनच्याच गटात निघाली, म्हणजे पुरणपोळी दुसऱ्यांदा. मग जलपरीवाली राईड घेतली.

डंबोवर मात्र पास खर्च करू नका. उडणाऱ्या हत्तीची राईड लहानांना फार आवडते, म्हणून नवखे लोक आधी तीच बुक करतात. तिच्या सर्वसाधारण रांगेत, तंबूच्या आत, मुलांना खेळायला घसरगुंड्या-जाळ्या आहेत. पास काढलात की तुम्ही तो खेळ टाळून सरळ हत्तीवर जाता. म्हणजे पैसे भरून मुलाची मजा कमी करायची! आमचे चिरंजीव त्या तंबूतून बाहेर यायला तयार नव्हते; शेवटी सासूबाईंनी "हत्ती वाट बघतोय, सोंड दुखायला लागली त्याची" असं सांगून बाहेर काढलं.

इट्स अ स्मॉल वर्ल्डची रांग सहसा चालती असते. नावेत बसायचं, दहा मिनिटं गारवा, आजीही खूश. तिथे पास नको. घोड्यांच्या चक्राला आणि उंचावरून फिरणाऱ्या पीपलमूव्हरला तर लायटनिंग लेनच नाही. पीपलमूव्हर लक्षात ठेवा. सावकाश चालतो, वारा लागतो, पोर झोपतं.

बाकीच्या तीन पार्कांपैकी लहान मुलासाठी ॲनिमल किंगडम. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन आलेलं पोर उघड्या ट्रकमधून जिराफ पाहताना वेडं होतं. ही किलिमांजारो सफारी सकाळी लवकर करा, उन्हं चढली की प्राणी सावली धरतात. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या वयात नाही केलं तर काही बिघडत नाही.

सहावी पायरी : मुलाचं घड्याळ अजून कोथरूडमध्येच असतं

सगळ्या नियोजनात मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि मला मिळालेल्या माहितीच्या पुरात नेमका हाच नव्हता. मार्च ते नोव्हेंबर फ्लोरिडा आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा मुलाच्या शरीरात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. ते पोर चिडचिड करत नाहीये, त्याची झोपेची वेळ टळून गेलेली आहे. उलट पहाटे साडेतीनला तिथे अंधार असला तरी त्याचा दुपारचा एक वाजलेला असतो, म्हणून ते टक्क जागं होऊन खेळायला मागतं.

याच्याशी भांडू नका, बुकिंगच त्याप्रमाणे करा. पहिले तीन-चार दिवस सगळ्या वेळा 9 ते 12 मध्ये बसवा. डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना अर्धा तास आधी आत सोडतात. मॅजिक किंगडम नऊला उघडत असेल तर साडेआठला. इतर पालक तेव्हा पोरांना ओढून उठवत असतात आणि आपलं पोर चार तासांपासून जागं. साडेआठला डंबो, मग समोर येईल ते, मग 9.50 ला पीटर पॅन, साडेदहाच्या सुमाराला पू, अकराला तिसरी. बाराला सरळ हॉटेलवर, पडदे ओढून झोप. तीन खिडक्यांमध्ये अंतर ठेवा. एकीला लागून दुसरी घेतली तर मधला डायपर कुठे बदलणार?

तिसरी राईड स्कॅन झाली की बसमध्ये बसल्या बसल्या संध्याकाळची एखादी घेता येते. घ्या, पण पाचच्या पुढची, आणि ती बुडाली तरी चालेल अशा मनाने. झोपलेल्या मुलाला राईडसाठी उठवू नये. आम्ही एकदा उठवलं. त्या संध्याकाळबद्दल घरात अजून कुणी बोलत नाही.

आणि विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्क नको. तो दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचा.

सातवी पायरी : त्या दिवशी गेटवर

मोठ्यांना माइन ट्रेन करायचीच असेल तर रायडर स्विच मागा. फुकट असतं. सगळ्यांनी मिळून राईडच्या तोंडाशी जायचं, तिथल्या कर्मचाऱ्याला पोर दाखवायचं. एक पालक रांगेतून जाऊन येतो, दुसरा मुलाजवळ थांबतो. मग दुसऱ्याला परत सबंध रांग न लावता लायटनिंग लेनमधून सोडतात. सासूबाई बरोबर आहेत म्हणून आम्ही दोघं एकदमच जाऊ शकलो असतो, पण त्या म्हणाल्या, "मला एकटीला या गर्दीत पोर सोपवू नका रे." बरोबरच होतं.

सात वर्षांखालच्या मुलाबरोबर राईडमध्ये चौदा किंवा त्याहून मोठं कुणीतरी लागतं. म्हणजे दीराची पंधरा वर्षांची मुलगी बरोबर असेल तर ती नेऊ शकते, आणि तुम्हाला दहा मिनिटं बाकावर बसता येतं.

बाबागाडी पुण्याहूनच न्या. पार्कात भाड्याने मिळते ती कडक प्लास्टिकची असते आणि पार्कच्या बाहेर नेता येत नाही. आपली नेहमीची चालते. 31 इंच रुंद आणि 52 इंच लांब ही मर्यादा आहे. राईडच्या बाहेर शेकडो बाबागाड्या ओळीने लावलेल्या असतात आणि तिथले लोक त्या जागेवरून हलवतात. आम्ही दांड्याला सासूबाईंच्या जुन्या इरकलीची लाल चिंधी बांधली होती. लांबून दिसायची.

खाणं बाहेरचं नेता येतं, फक्त काचेचं भांडं नको. आम्ही खाकरा, राजगिऱ्याचे लाडू आणि मऊ भाताची घरी भाजून केलेली पूड नेली. प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर असतं : मायक्रोवेव्ह, उंच खुर्च्या, डायपर बदलायची जागा, दूध पाजायला वेगळी खोली. मेतकूट घातलेला ऊन भात तिथे बसून खाल्लेलं आमचं पोर तासभर निवांत असायचं. नकाशात ही जागा आदल्या रात्रीच शोधून ठेवा.

आणि आगगाडी विसरू नका. मॅजिक किंगडमला फेरी मारणारी वाफेची गाडी, तिची चारही इंजिनं 1916 ते 1928 या काळात बांधलेली, मेक्सिकोतल्या युकातानमधून आणलेली. पास नाही, वेळ घ्यायची नाही. चिरंजीवांनी ती पाहिली आणि "फुलराणी!" म्हणून ओरडले. आजूबाजूच्या अमेरिकनांना काही कळलं नाही, पण हात सगळ्यांनी हलवले. आम्ही तीन वेळा बसलो. बाबागाडी मात्र घडी करून डब्यात घ्यावी लागते, तेव्हा तिच्या खालच्या जाळीतली पाण्याची बाटली आधी काढून घ्या. आमची रुळांपर्यंत घरंगळत गेली होती.